चिखलातला आपला कोणता

उमाशंकर दफ्तरदारांना ज्याची शिसारी येत नाही अशी वस्तू देवासात शोधायला निघालं, तर देवीच्या टेकडीला दोन फेऱ्या होतील आणि तरी हात हलवत परत यावं लागेल. पोहेवाला ज्या हाताने नोट घेतो त्याच हाताने शेव भुरभुरवतो, म्हणून पोहे बंद. बसच्या दांडीला शंभर तळहातांचा घाम, म्हणून इंदूरला जाताना दांडीवर रुमाल, आणि तो रुमाल घरी आल्यावर चिमट्याने बादलीत. लग्नाला गेले तर कापडी पिशवीत स्वतःचं फुलपात्र. एकदा धारला व्याह्यांकडच्या लग्नात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून ग्लास भरलेला यांनी पाहिला. भर मे महिना. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही आणि संध्याकाळी वरातीत चक्कर येऊन पडले. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हे पाणी त्या पिंपातलं का, असा. होय म्हटल्यावर पुन्हा डोळे मिटले.

गल्लीतली पोरं त्यांना लांबून येताना पाहिलं की एकमेकांना सांगत, "अरे थूक मत भिया, निगल जा, दफ्तरदार साब आ रिये हैं." उमाशंकरांना हे ऐकू यायचं. त्यांचं म्हणणं, निदान तेवढा तरी धाक राहू दे.

त्यांचे आजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात होते. त्या घरात सोवळं असं कडक होतं की मांजरसुद्धा विचारून स्वयंपाकघरात शिरायचं. उमाशंकर स्वतःला त्यातले समजत नसत. सरकारी शाळेत संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, सगळ्या जातींची पोरं हाताखालून गेली, निवृत्तीनंतर गल्लीतल्या दत्तमंदिराची पूजा अंगावर घेतली ती कुणी करायला नव्हतं म्हणून. माणसामाणसांत भेद मी मानत नाही, असं ते ठासून सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांना सगळ्यांचीच सारखी शिसारी यायची. सोवळं गेलं, शिसारी राहिली. सोवळ्याला निदान शास्त्र तरी लागतं, शिसारीला तेही लागत नाही, म्हणून ती जास्त चिवट.

या माणसाला एकच मुलगा, विहंग, आणि तो चिखलात लोळणारा किडा झाला. देव थट्टा करायला बसला की अशी करतो.

झालं ते असं. विहंग लहानपणापासून नकलाकार. गल्लीतल्या प्रत्येकाची चाल, प्रत्येकाचं खोकणं त्याच्या अंगात होतं. कॉलेजसाठी इंदूरला गेला आणि तिथे नाटकाच्या नादी लागला. नोकरी धरली, सोडली, परत धरली, परत सोडली. उमाशंकरांनी नाक मुरडलं, पण वाट अडवली नाही. मग तिशी ओलांडल्यावर त्याला खरं काम मिळालं. 'नीलगर्त' नावाची हिंदी मालिका होती, आकाशातून पडलेल्या उल्केची. उल्का डोंगरात पडते, तिथे निळसर खड्डा होतो, आणि त्या खड्ड्यातून परग्रहावरचे प्राणी बाहेर येतात. पहिला सीझन चालला. दुसऱ्याचं चित्रण गंधवानीकडच्या डोंगरात ठरलं, आणि खड्ड्यातले जे तीसेक प्राणी होते त्यांतला एक विहंग.

चेहरा दिसणार नव्हता. बोलणं नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत रबराचं करड्या रंगाचं कातडं, वरून ओघळणारा चिकट लगदा, आणि दिवसभर खड्ड्यात सरपटायचं. तीसही जण सारखेच दिसायचे. कोण कोणता हे बाहेर सांगायचं नाही असं कंपनीने लिहून घेतलं होतं. शेवटी पडद्यावर नावं यायची ती कलेक्टरच्या गाडीसारखी भर्रकन निघून जायची. विहंगने हे घरी आनंदाने सांगितलं. पहिल्यांदाच मोठं काम होतं.

"म्हणजे किडा," उमाशंकर म्हणाले.

"प्राणी आहे, नाना."

"लगद्यात लोळतो तो किडाच."

इथवरही चाललं असतं. बिघडलं ते पानावर.

उमाशंकरांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण चित्राहुती सोडली नाही. ताट वाढलं की ताटाभोवती पाणी फिरवायचं, मग भाताची चिमूट चिमूट उजव्या बाजूला जमिनीवर ठेवायची. चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला, यमधर्माला, आणि शेवटची सगळ्या भूतमात्रांना. मग तळहातावर पाणी घेऊन आपोशन घ्यायचं, आणि मगच पहिला घास. देवासातल्या जुन्या मराठी घरांतूनही हे आता उठलं आहे. टेबलं आली, तेव्हा शितं ठेवायची कुठे हाच प्रश्न पडला. दफ्तरदारांकडे अजून पाट होते. विहंग चार वर्षांचा असताना उमाशंकरांनी त्याचा हात हातात धरून त्याला हे शिकवलं होतं. पोराने ठेवलेली शितं पंख्याच्या वाऱ्याने घरंगळायची, म्हणून त्यांनी सांगितलं, अंगठ्याने जरा दाब, नाहीतर मुंगी यायच्या आधी पंखाच नेईल. तेव्हापासून विहंग प्रत्येक चिमूट ठेवून अंगठ्याने दाबायचा. मोठा झाल्यावरही.

शेवटची चिमूट कुणाची, हे त्याने तेव्हा विचारलं होतं. ज्यांचं कुणी नाही त्यांची, असं उमाशंकरांनी सांगितलं. मुंगीची, कावळ्याची, आपण ओळखतही नाही त्यांची. पोराने भिंतीकडे पाहून विचारलं, पालीची पण? पाल म्हटलं की उमाशंकरांच्या मानेवर काटा उभा राहतो. पण शास्त्र ते शास्त्र. जरा थांबून ते म्हणाले, पालीचीही.

तर विहंग चित्रणातून सुट्टी मिळून एका रविवारी घरी आला. आंघोळ केली, दोनदा साबण लावला, पण रबराचं कातडं चिकटवायचा जो गोंद होता तो काही निघाला नाही. मनगटापर्यंत हात करडे. नखांच्या कडांना काहीतरी हिरवट वाळलेलं. बोटांच्या पेरांवरून गोंदाचे पापुद्रे सुटत होते. उमाशंकरांनी हे पाहिलं ते समोर वरणभात वाढून झाल्यावर. नजर काढायला गेले तर ती पुन्हा तिथेच जाऊन बसायची. विहंगने ताटाभोवती पाणी फिरवलं. पहिली चिमूट ठेवली, अंगठ्याने दाबली. दुसरी ठेवली. तिच्याबरोबर एक पापुद्राही सुटून भाताला चिकटला.

"त्या हातांनी घालू नकोस," उमाशंकर म्हणाले. "चित्रगुप्तालाही ओकारी येईल."

विनोदिनीबाई, म्हणजे उमाशंकरांची बायको, तूप वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. विहंगने वडिलांकडे पाहिलं नाही. त्याने जे करू नये ते केलं. ठेवलेल्या दोन्ही चिमटी उचलल्या आणि परत ताटातल्या भातात मिसळल्या. देवापुढे ठेवलेलं कुणी परत घेतं का? मग ताट बाजूला सारून तो उठला. पिशवी घेतली आणि गंधवानीला गेला.

त्यानंतर तो या घरात जेवला नाही. दिवाळीला आला नाही. आईला फोन यायचा, तोही त्या मागच्या अंगणात जाऊन घ्यायच्या, म्हणजे नवऱ्याला ऐकू न येण्याचं नाटक दोघांनाही करता यावं. चित्रण संपलं, तरी गंधवानीकडे त्याच कंपनीचं तसंच रबरातलं आणखी काही काम निघालं आणि तो तिथेच राहिला. ते आटोपलं की हैदराबादला जायचं ठरलं होतं, दोन वर्षांसाठी. विनोदिनीबाईंना धास्ती हीच होती. एकदा तिकडे गेला की मग कोण कुणाचं. एक शब्द टाकला असता तर पोरगा आला असता, आणि तो शब्द उमाशंकरांनीच टाकायला हवा होता, हे घरातली तुळससुद्धा जाणून होती. उमाशंकर मूग गिळून बसले. माझं काय चुकलं, हे त्यांचं पालुपद. घाणीला घाण म्हटलं.

आणि मग मालिका सुरू झाली.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता. शेजारच्या शिवाजीरावांनी आधीच गल्लीच्या तोंडाशी फलक लावला होता. शिवाजीरावांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर खोगिरं शिवायला आले, हे आता गाड्यांच्या सीटा शिवतात. दिलदार माणूस, पण दिलदारी कुठे आवरावी ते कळत नाही. फलकावर एका बाजूला विहंगचा कॉलेजातला फोटो, दुसऱ्या बाजूला तो लगदा गाळणारा प्राणी, आणि वर हिंदीत 'देवास की शान'. खाली कोपऱ्यात शिवाजीरावांच्या दुकानाचा फोन नंबर. उमाशंकरांना रोज मंदिरात जाताना त्या फलकाखालून जावं लागे. ते पलीकडच्या गटारीच्या कडेने जाऊ लागले. गटार आणि फलक यांत त्यांनी गटार पत्करलं, यावरून काय ते समजावं.

घरात टीव्ही लावायचं काम चिऊकडे. चिऊ म्हणजे ऋजुताची, लेकीची लेक. ऋजुता आणि तिचा नवरा इंदूरला नोकरीला, आणि नऊ वर्षांची चिऊ शाळेसाठी आजोळी. मराठी बोलायची, पण वाचायला दिलं की दर दोन ओळींना थांबायची. टीव्हीचं मात्र तिला सगळं कळायचं. विनोदिनीबाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, टीव्हीच्या इतक्या जवळ की चिऊला ओरडावं लागायचं, "आजी, आँखें खराब हो जाएँगी ना."

उमाशंकर त्याच खोलीत, पण टीव्हीकडे पाठ करून. हातात पंचांग. दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, असं सांगायची कुणाची हिंमत नव्हती, आणि ते जातही नव्हते. घर माझं आहे, मी का उठू?

पाठ केली तरी कान कुठे नेणार? त्या प्राण्यांचा आवाज असा की कुणीतरी ओल्या चिखलात अनवाणी नाचतंय. मध्येच काहीतरी फुटायचं, आणि मग पिचकारीसारखं सांडायचं. चिऊ खुसखुसून हसायची. उमाशंकरांच्या घशाशी संध्याकाळचा चहा यायचा. कधी चुकून मान वळली तर दिसायचं ते असं की नजर साबणाने धुवावी. भिंतीवरून सरकणारी करडी धडं, त्यांच्यातून गळणारी तार, आणि ती तार एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणारी. हे लोक पैसे देऊन पाहतात. पाहताना खातात. शिवाजीराव तर पहिल्या भागाला समोसे घेऊन आले होते आणि तसल्या दृश्यात चटणी बोटाने चाटत होते. हा देश कुठे चाललाय ते उमाशंकरांना त्या बोटाकडे पाहून कळलं.

तो लगदा कशाचा, हे विनोदिनीबाईंनी विहंगला फोनवर विचारून ठेवलं होतं. पोराच्या अंगाला काही अपाय तर होत नाही ना, एवढ्याचसाठी. तो म्हणाला, काळजी करू नकोस, इसबगोल भिजवून त्यात खायचा रंग घालतात. हे त्यांनी नवऱ्याला समाधानाने सांगितलं. उमाशंकर निवृत्तीपासून रोज झोपताना इसबगोल घेत होते. त्या दिवसापासून बंद. त्याचे परिणाम आठवडाभर सगळ्या घराने भोगले.

पण विनोदिनीबाईंना लगद्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न, यातला आपला कोणता? तीस प्राणी सरपटत गेले की त्या पुटपुटत, हा का? हा असेल? पहिल्या भागात त्यांनी एक हेरला, डावा खांदा जरा उतरलेला. विहंगचा तो खांदा लहानपणी चिंचेवरून पडून मोडला होता. हाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या खांद्यासाठी त्या शनिवारची वाट पाहू लागल्या. तिसऱ्या भागात गावकऱ्यांनी त्या प्राण्याला रॉकेल ओतून जाळलं. खोटं आहे आजी, अंदर कोई नहीं है, चिऊ सांगत राहिली. विनोदिनीबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, तो नव्हताच, आपला असा पडत नाही. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शोधायला बसल्या.

उमाशंकरांना या सगळ्याची चीड येई. रबरात गुंडाळलेल्या किड्यांत आई मुलगा शोधते, याहून ओंगळ काय असणार? सापडला तरी काय दिसणार आहे? किडाच ना? असं ते एकदा बोललेही. विनोदिनीबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "किडा असला तरी माझाच आहे." उमाशंकर पंचांगाची पानं जोरात उलटू लागले.

एकेक भाग होत गेला तसे प्राणी संपत गेले. काही जाळले, काही सैन्याने मारले, काही उन्हात वाळून गेले. सातव्या भागापर्यंत एकच उरला. तो आपला आहे की नाही हे विनोदिनीबाईंना सांगता येईना. शोधायला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना धीर होईना. नसला तर? म्हणजे कधीतरी डोळ्यांसमोर मेला आणि आईला कळलंही नाही.

गोष्ट अशी होती की तो शेवटचा प्राणी जंगलातल्या एका ओस पडलेल्या शाळेत लपलेला असतो. भुकेला असतो. गावातली एक म्हातारी, जिला कमी दिसतं, कुणी वेडा लपलाय असं समजून पत्रावळीवर भात ठेवून जाते. प्राणी बाकाखालून सरपटत येतो. सैनिक बाहेर पोहोचलेले असतात. संगीत वगैरे थांबलेलं. नुसती गळणाऱ्या लगद्याची टपटप.

उमाशंकर पंचांगात पुढची एकादशी पाहत होते.

"आबा," चिऊ म्हणाली, "देखो ना, ये तो आपके जैसा कर रहा है."

ते वळले, चिडूनच वळले.

पडद्यावर तो प्राणी पत्रावळीपुढे बसला होता. मांडी घालून. शाळेच्या फुटक्या माठात साचलेलं पाणी त्याने ओंजळीत घेतलं होतं आणि ते पत्रावळीभोवती फिरवत होता. करडा, सोललेल्या कातड्याचा, तारा लोंबणारा हात. मग त्या हाताने भाताची एक चिमूट उचलली, पत्रावळीच्या उजव्या अंगाला मातीत ठेवली आणि अंगठ्याने दाबली. दुसरी ठेवली. दाबली. तिसरी. चौथी. शेवटची ठेवताना तो जरा थांबला, मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि ती ठेवली. अंगठ्याने दाबली. मग तळहातावर पाणी घेतलं, तोंडाशी नेलं. पहिला घास उचलला तोच दार फुटलं आणि सैनिकांनी त्याला पत्रावळीवरून ओढून नेलं. भात मातीत सांडला. चिमटी तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

भाग तिथेच संपला. नावं भर्रकन गेली.

आधी उमाशंकरांना आला तो संताप. घरातली, पिढ्यान्‌पिढ्यांची, दाराबाहेर कुणाला न दाखवलेली गोष्ट त्या पोराने इसबगोलात बुडवून साऱ्या देशापुढे मांडली. उद्या तो चटणीचाट्या शिवाजीराव विचारील, दफ्तरदार, ते पाणी फिरवणं काय होतं? अंगभर शिसारीची लाट गेली, डोक्यापासून टाचेपर्यंत. भाग संपला की मोरीत जाऊन हातपाय धुण्याचा त्यांचा नेम होता, जणू शिंतोडे अंगावर उडालेत. ते उठले, मोरीत गेले, नळ सोडला.

पाणी वाहत राहिलं. ते हात पुढे करून उभे राहिले आणि त्यांना काही केल्या हात धुता येईनात. डोळ्यांपुढे तो अंगठा होता. मुंगी यायच्या आधी पंखा नेईल. त्या ओस पडलेल्या शाळेत पंखा कुठे होता?

विनोदिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. नळ त्यांनीच बंद केला.

"ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

उमाशंकरांनी मान हलवली.

"मी डोळे फोडून इतके आठवडे शोधतेय. तुम्ही पाठ फिरवून बसलात, आणि सापडला तुम्हाला." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तो जेवायला बसला होता हो. पानावरून उठवलंत."

घाणीला घाण म्हटलं, हे वाक्य उमाशंकरांच्या ओठांवर आलं. गेले कित्येक महिने ते हुकमी कामाला येत होतं. आज ते तोंडात धरवेना. बोलून पाहिलं असतं तर त्याचीच शिसारी आली असती. ते तसेच ओल्या पायांनी अंगणात गेले, विनोदिनीबाईंच्या फोनवरून त्यांनी स्वतः नंबर लावला. फोन कानापासून बोटभर लांब धरून. त्यावर विनोदिनीबाईंचा गाल लागलेला असायचा, आणि इतक्या वर्षांच्या संसारानेही ती गोष्ट बदलली नव्हती.

विहंगने "हां आई" म्हणून उचलला.

"पाणी उलटं फिरवलंस," उमाशंकर म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "मुद्दाम, नाना. पितरांना फिरवतात तसं. त्याचे सगळे गेले होते ना. ते अन्न त्यांचं होतं."

उमाशंकरांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. चूक सापडेना. श्राद्धाच्या पानाभोवती पाणी उलटंच फिरतं, आणि हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं, स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाला. पण ते मागे हटणारे नव्हते.

"मग पुढे जेवला का नाही?"

"जेवू कुठे दिलं?" विहंग म्हणाला. "उठवलं."

तो मालिकेबद्दलच बोलत होता. आवाजात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर उमाशंकरांना सोपं गेलं असतं. त्यांनी अंगणातल्या दोरीवरचा पंचा विनाकारण सरळ केला.

"उद्या जेवायला ये."

"नाना, इथलं काम अजून चालू आहे. हात तसेच आहेत. परवापर्यंत निघणार नाहीत."

"ये म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी विहंग आला. फलकाखालून आला तेव्हा शिवाजीरावांनी त्याला मिठी मारली, मोबाइलवर फोटो काढला, आणि ते पाणी फिरवणं काय होतं, हेही विचारलंच. विहंगने सांगितलं, घरची पद्धत आहे. उमाशंकर दारात उभे राहून ऐकत होते. शिवाजीराव त्यांच्याकडे वळून म्हणाले, "दफ्तरदार साहेब, माझी बायको रडली हो तेव्हा. किड्यासाठी रडली." उमाशंकरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हाताला पुन्हा चटणी लागलेली होती.

पाट मांडले. वरणभात, बटाट्याची भाजी, आणि विनोदिनीबाईंनी सकाळपासून न बोलता केलेलं श्रीखंड. विहंग वडिलांसमोर बसला. हात मांडीवर, पालथे, झाकलेले. उमाशंकरांनी चित्राहुती घातली, पण आपोशनाचं पाणी हातात धरून थांबले. विहंग थांबला होता.

"घाल," ते म्हणाले.

विहंगने हात वर काढले.

मागच्यापेक्षा वाईट होते. करडा रंग भेगांत मुरला होता, नखांभोवती काळपट थर होता, मनगटाशी गोंद सुटून पालीच्या कातेसारखा लोंबत होता. उमाशंकरांनी पाहिलं. या वेळी नजर काढायचा प्रयत्न केला नाही, तरी आतड्यांना पीळ पडायचा तो पडलाच. विहंगने ताटाभोवती पाणी फिरवलं, सरळ फिरवलं. एकेक चिमूट ठेवली, एकेक दाबली. शेवटच्या चिमटीवर मनगटाचा तो पापुद्रा सुटून पडला आणि चिकटून बसला.

विनोदिनीबाईंचा तूप वाढणारा हात थांबला. चिऊनेसुद्धा आजोबांकडे पाहिलं.

उमाशंकर हातातलं पाणी प्यायले. त्यांनी पहिला घास घेतला. तो घशाखाली जायला तयार नव्हता, त्यांनी तो गिळला. मग दुसरा.

"त्याला भात वाढ," ते बायकोला म्हणाले. "पोरगा वाळलाय."

जेवण झालं. विहंग हात धुवायला गेला. नेहमी ज्याची चित्राहुती त्याने उचलायची, असा घरचा रिवाज. त्या दिवशी उमाशंकर खाली वाकले आणि मुलाच्या पानाशेजारची शितं त्यांनी स्वतः उचलली. पापुद्र्यासकट, उघड्या बोटांनी. परसदारी जाऊन भिंतीवर ठेवली. भिंतीच्या फटीत पाल बसली होती. तिला पाहून त्यांच्या मानेवर काटा आला, तरी ती पळेपर्यंत ते थांबले नाहीत. शेवटची चिमूट तिच्याजवळ ठेवून अंगठ्याने दाबली.

मग मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. साबण दोनदा लावला.